आईच्या पाठीतलं वारं

मे महिन्यात अमरावतीला कूलर बंद करून कोणी बसत नाही. मी अकोल्याहून बसनं आले, ऑटो करून घरी पोचले, आणि आईच्या खोलीत पाय ठेवताच दारातच थांबले. खिडकी बंद होती. फटींमध्ये वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या होत्या. खिडकीपाशी कूलर असायचा, तिथं नुसतं रिकामं स्टँड होतं. आई पलंगावर बसली होती, गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून, आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आतल्या खोलीतून कूलरची घरघर ऐकू येत होती. ती खोली माझ्या भावजयीची.

"माय, तुहा कूलर कुठं गेला?" मी विचारलं.

"मलेच नोको होता," आई म्हणाली. "वारं लागते."

माझं काम माहीत असल्याशिवाय हे उत्तर मला का खटकलं ते कळणार नाही. अकोल्यात पोलीस ठाण्याच्या आवारात एक समुपदेशन केंद्र आहे, तिथं मी बरीच वर्षं आहे. घरच्यांशी पटत नाही, मारहाण होते, सासूला जेवायला देत नाहीत, अशा तक्रारी घेऊन बाया येतात, म्हाताऱ्याही येतात. पहिल्या भेटीत खरं कोणीच सांगत नाही. डोळा काळानिळा झालेला असतो आणि बाई म्हणते, "वाऱ्यानं दार आपटलं, ताई, अन् लागलं." मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की कोणी वाऱ्याचं नाव घेतलं की माझी नजर आधी समोरच्या माणसाच्या मनगटाकडे जाते.

घरात आई आणि भावजय दोघीच असायच्या. धाकटा भाऊ धारणीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. तो शनिवारी रात्री येतो आणि रविवारी जेवून परत निघतो. त्याची मुलगी पुण्याला शिकते. म्हणजे आठवडाभर आईजवळ फक्त भावजय. ती कमी बोलणारी, कामाला चोख, आमच्या घरात येऊन वीस वर्षं होऊन गेलेली. आमचं भांडण कधी झालं नाही, पण आम्ही मोकळेपणानं बोललो असंही कधी झालं नाही.

त्या संध्याकाळी चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आई साडी बदलत होती. ब्लाउजचं हूक लागेना म्हणून तिनं मला हाक मारली आणि लगेच म्हणाली, "राहू दे, सूनबाई लावून देईन." पण तोवर मी तिच्या मागे उभी होते.

मानेच्या मुळापासून खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टे उठले होते. त्यांतून आणखी पट्टे बरगड्यांवर तिरके गेले होते. काही लाल, काही जांभळे, एकदोन काळपट. माराचे वळ मी ओळखते. कमरेच्या पट्ट्याची कड उठते. काठीच्या दोन रेघा उठतात आणि मधली कातडी पांढरट राहते. बोटांचे ठसे गोल पडतात. आईच्या पाठीवरचं यातलं काहीच नव्हतं. ते फार सारखं होतं, फार शिस्तीत होतं. रागानं मारणाऱ्याचा हात असा चालत नाही. मग हे कोणी शांतपणे केलं असेल, हा विचार आला आणि मला जास्त भीती वाटली.

"हे काय व माय?"

"काई नाई." तिनं पदर ओढला. "वारं काढलं."

"कोनं काढलं?"

"राहू दे न आता. लग्नाले उशीर होऊन राहिला."

आमच्या घरात हा शब्द साधा नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, उतारे गेले, भगताकडे जाणं बंद झालं. वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. शेजारी कोणाच्या अंगात वारं आलं की ते आम्हा भावंडांना घरात बोलावून गणितं घालायचे. कोणी म्हणालं की पोराला बाहेरची हवा लागली, तर ते विचारायचे, "आतली हवा वेगळी असते का?" त्यांच्या बायकोनं, त्यांच्यामागं, वारं काढून घ्यावं? आणि वारं काढणाऱ्या मांत्रिकांनी लोकांना चाबकानं, झाडूनं, तापलेल्या सळईनं मारल्याची प्रकरणं मी केंद्रात पाहिली होती. आता माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. सून मारत होती, किंवा सून कोणाकडे तरी नेऊन मार खायला लावत होती.

लग्नात मी जेवले कमी आणि पाहिलं जास्त. मंगल कार्यालयात मोठे कूलर लावले होते. सगळी म्हातारी माणसं त्यांच्यापुढे खुर्च्या ओढून बसली होती. भावजयीनं मात्र आईची खुर्ची उचलली आणि पार स्वयंपाकाच्या बाजूला, भिंतीपाशी नेऊन ठेवली. तिथं वाफ येत होती. आईच्या पाठीवरचा पदर तिनं स्वतःच्या हातानं नीट केला, मानेपर्यंत ओढला. एक मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुह्या मायले कोपऱ्यात काहून बसवलं व?" मी म्हटलं, "पाहते." पदर मायेनं ओढला की लोकांना दिसू नये म्हणून ओढला, हे मला तेवढ्या अंतरावरून ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, दोन दिवस राहते, रजा टाकली आहे.

"राहा न," भावजय पोळ्या लाटता लाटता म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दोनच दिवस का?"

एरवी मी याचा अर्थ आग्रह असा घेतला असता. त्या दिवशी मला वाटलं, ती मोजून घेते आहे.

गच्चीवर जाऊन मी भावाला फोन लावला. तिकडे रेंज येते आणि जाते. मी आडून आडून विचारलं, आईचं कसं चाललंय, दोघींचं पटते का.

"काहून विचारून राहिली?"

"सहज. मायच्या पाठीवर वळ हायेत."

"ती असं करनार नाई," तो म्हणाला.

"मी कुठं म्हटलं तिनं केलं?"

"मंग काय म्हटलं तू?" तो म्हणाला, आणि रेंज गेली. पुन्हा लावला तर लागला नाही.

भावजय भाजी आणायला गेली तेव्हा मी आईचं कपाट उघडलं. आई विहारात गेली होती. ती रोज सकाळी वंदनेला जाते, आमच्या गल्लीच्या टोकाशीच विहार आहे. कपड्यांच्या खालच्या घडीत एका रुमालात दोन वस्तू गुंडाळलेल्या होत्या. हिरव्या तेलाची छोटी बाटली, तिच्यावर कुठल्या तरी परक्या भाषेतली अक्षरं. आणि पांढऱ्या चिनीमातीचा आखूड दांड्याचा चमचा. बाटलीला कापराचा, निलगिरीचा वास होता. चमच्याची कड बोटानं पाहिली, गुळगुळीत होती. आपल्या घरात असा चमचा कोणी वापरत नाही. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि कपाट लावून घेतलं. आता मांत्रिकाचा संशय जास्त पक्का झाला, फक्त हा मांत्रिक परदेशी तेल वापरणारा होता.

दुपारी जेवणं झाल्यावर मी पुढच्या खोलीत आडवी झाले. झोप येणं शक्य नव्हतं. थोड्या वेळानं आईच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. मग आईचं कण्हणं. मग तिचा आवाज, "हळू व, तिथं दुखते."

मी उठले आणि दार ढकललं. कडी लावलेली नव्हती.

आई पालथी झोपली होती. पाठ उघडी, तेलानं चकाकणारी. भावजय पलंगाच्या कडेला बसून तो चिनीमातीचा चमचा तिरका धरून मानेपासून खांद्याकडे ओढत होती. एकाच दिशेनं, सावकाश, दाबून. जिथून चमचा जाई तिथली कातडी लाल होऊन वर येई. खोलीत कापराचा वास भरला होता. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात थांबवला, पण चमचा लपवला नाही.

"हे काय करून राहिली तू?" मी विचारलं.

"आईच्या खांद्यातलं वारं काढून राहिली."

"कोनं शिकवलं?"

"विहारातल्या माताजीनं." तिनं रुमालानं आईची पाठ झाकली. "तुमी कालपासून माह्या हाताकडं पाहून राहिल्या, ताई. तवाच विचारलं असतं तर सांगतलं असतं."

आई उठून बसली. ती माझ्याकडे न बघता बोलली. "मीच तिले म्हटलं होतं सांगू नोको. तुले सांगतलं असतं तर तू बंद केलं असतं. तुहा बाप असता तर त्यानंही केलं असतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आईचा उजवा खांदा कधीपासूनचा धरत होता. कधी मान दुखायची, कधी पाठ, कधी कोपरापर्यंत कळ जायची. गोळ्या झाल्या, मलम झालं. हिवाळ्यात विहारात एक व्हिएतनामी भिक्खुणी येऊन राहिली. तिनं एकदा वंदना सुरू असताना आईला मान चोळताना पाहिलं आणि नंतर तिची पाठ अशी ओढून दिली. आईला बरं वाटलं, त्या रात्री झोप लागली. पुढे ती रोज तिच्याकडे जाऊ लागली, तेव्हा भिक्खुणीनं भावजयीला बोलावून शिकवलं. चमचा आणि बाटली तिनंच दिली. मानेला वारा लागू देऊ नका, असंही तिनं सांगितलं. म्हणून कूलर आईनंच काढायला लावला. भावजयीनं तो आपल्या खोलीत नेला, कारण मग तो नुसता पडून कशाला राहू द्यायचा.

सगळं जुळत होतं. पण दोघींनी आधी ठरवलेलंही असंच जुळतं, हे मी रोज पाहते. मी आईला म्हटलं, "मले त्या माताजीले भेटायचं हाय."

भावजय म्हणाली, "भेटा. मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी विहारात गेलो. भिक्खुणी पन्नाशीची असावी. बारीक, ताठ, आणि एवढ्या उन्हाळ्यात मानेभोवती सुती कापड. नागपूरला पाली शिकायला आली आणि इकडेच राहिली. हिंदी बोलायची, थांबत थांबत, पण स्वच्छ. मी माझं काम सांगितलं. ती जरा सावध झाल्यासारखी वाटली, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझी आई करायची. शेतातून कोणी भिजून आलं, डोकं धरलं, अंग मोडून आलं, की आधी हेच. आमच्याकडे घराघरांत करतात."

मी डॉक्टर नाही असं सरळ सांगणाऱ्या माणसावर संशय धरणं अवघड असतं. मी तरी धरून ठेवला. विचारलं, हा वारा म्हणजे नेमकं काय. भूत, देव, कोणाची नजर, असं काही?

ती हसली नाही. म्हणाली, तसं काही नाही. वारा म्हणजे वाराच, खिडकीतून येतो तो. चिनी वैद्यकात त्याला आजाराचं कारण मानतात आणि तिथून ते आमच्या घरांत आलं. अंगाला घाम आला की कातडी उघडी पडते, तेव्हा वारा आत शिरतो. तिनं मानेमागे, केसांच्या खाली दोन्ही बाजूंना जे खळगे असतात तिथं बोटं ठेवली. इथून शिरतो, म्हणाली. आणि एकटा शिरत नाही. थंडी, ओल, कधी उष्णता, यांना सोबत घेऊन जातो. वारा एका जागी थांबत नाही, म्हणून दुखणं जागा बदलतं. आज खांदा, उद्या मान. ओढलं की तो कातडीतून निघून जातो, लाल उठतं ते त्याचंच.

मी म्हटलं, आपल्याकडे वात म्हणतात, तेच का?

"माझ्या समजुतीनं वेगळं," ती म्हणाली. "तुमचा वात आतला. आमच्यातही आतून उठणारा वारा मानतात, तो फार वाईट, त्यात माणूस पडतो, तोंड वाकडं होतं. मी सांगते तो बाहेरचा."

ऐकता ऐकता मला राग येत होता, कारण यातलं अर्धं मला लहानपणापासून माहीत होतं. उन्हातून येऊन घामेजल्या अंगानं कूलरपुढं बसू नको, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक आईनं प्रत्येक पोराला सांगितलेलं असतं. आमचे विज्ञानवादी वडीलसुद्धा सांगायचे. पण उरलेलं अर्धं मला पटत नव्हतं. जागा बदलणारं, डॉक्टरनं दाबलं की न सापडणारं, दिसत नसलेलं कारण. असल्या कारणावर काहीही ढकलता येतं. केंद्रात येणाऱ्या नवऱ्यांना असंच कारण हवं असतं.

"आणि हे डाग किती दिवस राहतात?" मी विचारलं.

"तीन-चार दिवस. मग साफ."

"आईच्या पाठीवरचे जुने अजून आहेत. काळे पडलेत."

भिक्खुणीनं आईकडे पाहिलं. तिला आतल्या खोलीत नेऊन पाठ पाहिली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. आता प्रश्न ती विचारत होती, आणि संशय तिला आला होता.

"या कोणती गोळी घेतात?"

"बीपीची," आई लगेच म्हणाली. "तवाच सांगतलं होतं मी."

आई सगळ्या गोळ्यांना बीपीचीच गोळी म्हणते. मागं तिच्या हृदयात स्टेंट टाकला तो अकोल्याला, माझ्याकडे राहून. तेव्हापासून रात्री जेवणानंतर एक छोटी गोळी असते, रक्त पातळ ठेवणारी. भावजय ती रोज तिच्या हातावर ठेवते. भावजयीला ती माहीत होती, पण या घासण्याशी तिचा काही संबंध असेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. भिक्खुणीला स्टेंटचं कोणी सांगितलं नव्हतं. दोघींची गाठ आईमार्फतच पडली होती, आणि आईनं बीपी एवढंच सांगितलं होतं.

मी ते हिंदीत सांगितलं. भिक्खुणी खाली बसली.

"मग हे करायचं नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. मी विचारलं होतं. नीट विचारायला हवं होतं." मग भावजयीकडे वळून, "चमचा परत दे."

भावजयीचा चेहरा उतरला. आई मात्र चिडली. सगळ्यांनी मिळून आपलं एक सुख काढून घेतलं, असं तिचं म्हणणं होतं. घरी येताना ती आमच्या दहा पावलं पुढं चालत राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाठ पाहिली, मानेचा एक्स-रे काढला, हृदयाचा ईसीजी काढला. हृदय ठीक होतं. मानेचे मणके झिजले होते, तिथली नस दाबली जात होती, म्हणून कळ फिरत होती. डागांबद्दल ते म्हणाले, या गोळीवर असताना असं घासणं बंद करा, आत रक्त साकळतं. भावजयीनं विचारलं, "अन् वारं, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, कूलरचा झोत थेट मानेवर घेऊ नका, एवढं पाळा. म्हणजे वाऱ्याला त्यांनी पूर्ण सोडलं नाही. मी त्यांच्याकडेही जरा संशयानंच पाहिलं.

शनिवारी भाऊ आला. तो बॅग ठेवायच्या आत आईला म्हणाला, "पाठ दाखव." तिनं दाखवली. मग तिनंच सगळं सांगितलं, स्वतःच्या बाजूनं, आणि त्यात मी कपाट उघडल्याचंही होतं. कपड्यांची घडी बदललेली तिला कळली होती. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. भावजय ताटं वाढत होती.

"ताईले वाटलं मी आईले मारतो," ती शांतपणे म्हणाली.

मी म्हटलं, "हो, वाटलं होतं."

"मंग विचारलं ते बरं केलं," ती म्हणाली. "माह्या मायच्या पाठीवर असं दिसलं असतं तर मीबी विचारलं असतं. पन मी पयल्या दिवशीच विचारलं असतं."

रविवारी मी परत निघाले. भावजय मला स्कूटीवर बसस्टँडला सोडायला आली. अकोल्याची गाडी लागायला वेळ होता. आम्ही उसाचा रस घेऊन सावलीत उभ्या राहिलो. तिनं विचारलं, "तुमच्याकडं बाया येतात, त्यातली कोन खरं बोलते ते कसं कळते तुमाले?"

"नाही कळत," मी म्हटलं. "पुन्हा पुन्हा विचारावं लागते."

"अन् तरी नाही कळलं तर?"

"मंग घरी जाऊन पाहावं लागते."

तिनं उरलेला रस संपवला. "म्हंजे तुमी आता दर महिन्याले येसान," ती म्हणाली. ते आमंत्रण होतं की टोमणा, मला आजही सांगता येणार नाही.

मी खरंच दर महिन्याला जाते. आईचा खांदा कधी बरा असतो, कधी नसतो. मानेचा व्यायाम ती करते असं सांगते, करत नाही. भावजय तिच्या खांद्याला तिळाचं तेल तळव्यानं लावते, घासत नाही. भिक्खुणी पावसाळ्यानंतर नागपूरला परत गेली. मधून मधून भावजयीचा मला मेसेज येतो: "तेल लावून राहिली. पाहायचं असन तर फोन लावा." कधी मी लावते, कधी नाही. लावला की ती कॅमेरा आधी आईच्या पाठीवर धरते, मग स्वतःच्या हातांवर, आणि मग विचारते, जेवल्या का.